तीन पिनचा प्लग आणि आत दोनच वायरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदिरानगरला आमची २८ फ्लॅटची सोसायटी आहे, पार्किंगमध्ये आज ९ इलेक्ट्रिक दुचाक्या लागतात, तीन वर्षांपूर्वी एकच होती. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि त्याआधी २२ वर्षं सातपूरला इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात टेस्टिंगला होते, म्हणजे मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावणं, एचव्ही म्हणजे हाय व्होल्टेज टेस्ट घेणं, अर्थिंगची वायर सलग जोडलेली आहे का, म्हणजे कंटिन्युटी, बघणं हेच रोजचं काम. हे सांगतेय कारण पुढे या गाड्यांच्या चार्जरबद्दल जे लिहिणार आहे ते ऐकीव नाहीये, स्वतः उघडून आणि मोजून बघितलंय.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री पाऊस जोरात होता, पार्किंगमध्ये पाणी शिरायला लागलं, आमचे वॉचमन काका चांगल्या मनाने उठले आणि एका स्कूटरचा चार्जर खाली फरशीवर होता तो उचलून सीटवर ठेवायला गेले. ॲल्युमिनियमची बॉडी, ओली फरशी, पायात काही नाही. काका फेकले गेले. नशीब एवढंच की हात चार्जरला चिकटला नाही. खांद्याला मार बसला, पंधरा दिवस हात वर होत नव्हता, पण वाचले. सकाळी मी खाली गेले तर लोकांचं चाललेलं की पाण्यामुळे झालं, पावसात होतंच असं. मला ते पटेना. पाणी तर दरवर्षी शिरतं.

चार्जर ज्याचा होता तो दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा, पार्सल पोचवायचं काम करतो, दिवसाला ७०-८० किलोमीटर गाडी फिरते. त्याला बोलावलं तर बिचारा रडकुंडीला आलेला. त्याच्या गाडीचा ओरिजिनल चार्जर दोन महिन्यांपूर्वी गेला होता, शोरूमवाल्याने सांगितलं की नवीन मागवावा लागेल, तीन आठवडे लागतील आणि साडेसहा हजार होतील, आता तीन आठवडे गाडी बंद म्हणजे त्याचे तीन आठवड्यांचे पैसे बंद, मग कोणीतरी सांगितलं मार्केटला मिळतो, गेला आणि १,४०० रुपयांत घेऊन आला. दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, गाडी किती व्होल्टची? याने सांगितलं ६० व्होल्टची. दुकानदाराने ६० व्होल्टचा बॉक्स काढून दिला. बिल नाही. या मुलाला मी एका शब्दाने बोलले नाही, कारण त्याच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं.

मी तो चार्जर घरी आणला आणि माझा जुना मेगर काढला. पहिली गोष्ट जी दिसली ती बघून मला खरंच घाम फुटला. प्लग तीन पिनचा होता, जाड पितळी अर्थिंगची पिन, बघणाऱ्याला वाटावं काय भारी आहे. केबल कापली तर आत दोनच वायरी. अर्थिंगची पिन नुसती प्लॅस्टिकमध्ये बसवलेली, ती कशालाच जोडलेली नव्हती. म्हणजे आमच्या पार्किंगमध्ये अर्थिंग चांगलं असतं तरी त्या चार्जरच्या बॉडीपर्यंत ते पोचणारच नव्हतं. बॉडी उघडली तर आतली एक वायर पॅक करताना स्क्रूखाली दबलेली, तिचं इन्सुलेशन सोललं गेलेलं, चार्जरमधल्या पंख्याच्या थरथरीने रोज थोडं थोडं घासत असणार आणि एके दिवशी तांबं उघडं पडून बॉडीला लागलं. आमच्या कारखान्यात असा एक नग जरी लाइनवर सापडला असता तर अख्खी बॅच थांबवली असती. तिथे प्रत्येक नगावर एचव्ही टेस्ट व्हायची, चार्जरसारख्या वस्तूला साधारण तीन हजार व्होल्ट एक मिनिट लावून बघतात की मेन्सची, म्हणजे भिंतीतल्या विजेची, बाजू आणि माणसाचा हात लागणारी बाजू यांच्यात काही फुटतंय का. हा नग त्या टेस्टला काही सेकंदांत गेला असता. पण टेस्ट घेणारा कोणी असेल तर ना.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि ती विकणाऱ्यांनाही माहीत नसते असं मला आता वाटायला लागलंय. "६० व्होल्टची गाडी" हा फक्त बोलायचा आकडा आहे. त्या मुलाच्या गाडीतलं बॅटरी पॅक १६ सेलच्या रांगेचं, सेल एनएमसी नावाच्या लिथियम प्रकारचे, प्रत्येक सेल फुल्ल झाला की ४.२ व्होल्ट, म्हणजे पूर्ण पॅक ६७.२ व्होल्टला फुल्ल. याच्या पुढे एक व्होल्टही द्यायचा नाही. पण एलएफपी या दुसऱ्या लिथियम प्रकारच्या सेलचं जे पॅक असतं त्यात २० सेल रांगेत असतात, प्रत्येकी ३.६५, ते ७३ व्होल्टला फुल्ल होतं, आणि त्यालाही बाजारात ६० व्होल्टचंच पॅक म्हणतात. शिवाय लेड ॲसिडच्या पाच बॅटऱ्यांची जुनी गाडी, तीही ६० व्होल्टचीच. तीन वेगवेगळ्या गाड्या, बॉक्सवर आकडा एकच. याच्या चार्जरचं आउटपुट मी मीटरवर बघितलं तर ७३.४. म्हणजे दोन महिने ६७.२ च्या पॅकमध्ये ७३.४ ढकलत होता. गाडी पेटली नाही कारण बॅटरीच्या आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, दर वेळी चार्जिंग तोडत होतं. मुलगा म्हणाला मावशी मला वाटायचं दिवाच खराब आहे, हिरवा व्हायचा, परत लाल, परत हिरवा, रात्रभर तेच. तो दिवा खराब नव्हता, बीएमएस तोडत होतं, थोडं व्होल्टेज उतरलं की परत जोडत होतं, परत तोडत होतं. वाचकांपैकी कोणाच्या गाडीला हे असं होत असेल तर कृपा करून आजच तो चार्जर काढून ठेवा. बीएमएस हे शेवटचं कुलूप असतं, रोज रात्री दहा वेळा उघडझाप करायला ते बनवलेलं नसतं.

आता सर्टिफिकेटचं. बॉक्सवर काय काय नव्हतं! सीई छापलेलं, आयएसओ ९००१ छापलेलं, आणि आयएसआयसारखी दिसणारी एक खूण. सीई ही युरोपच्या बाजारासाठी असते, बऱ्याच वस्तूंना उत्पादक स्वतःच जाहीर करून ती लावतो, भारतात तिला सुरक्षेचा पुरावा म्हणून काही अर्थ नाही. आयएसओ ९००१ हे कंपनीच्या कामाच्या पद्धतीला मिळतं, वस्तूला नाही, चार्जर शॉक देणार नाही असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं. आणि खऱ्या आयएसआय मार्कच्या वर आयएस नंबर असतो, खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन नंबर असतो. यावर वर-खाली काहीच नव्हतं, नुसतं चित्र. बाजूला बारीक अक्षरात आर- ने सुरू होणारा एक रजिस्ट्रेशन नंबर होता, मला वाटलं चला निदान हा तरी खरा असेल, मी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला (बीआयएस म्हणजे हे मार्क आणि नंबर देणारी सरकारी संस्था). नंबर खरा निघाला. पण दुसऱ्याच कंपनीचा, आणि एलईडी बल्बचा.

मला रात्री झोप लागली नाही त्या दिवशी. कोणीतरी टेबलाशी बसून, कॉम्प्युटरवर, एका बल्बचा नंबर उचलून माणसाच्या घरात लागणाऱ्या चार्जरवर छापला होता, आणि त्या छापण्यावर विसंबून आमचे काका अनवाणी पायाने पुढे गेले होते.

आपण नाशिककर सराफ बाजारात सोनं घ्यायला जातो तेव्हा किती बघतो. हॉलमार्क बघतो, २०२३ च्या एप्रिलपासून तर सहा अक्षरी एचयूआयडी नंबर असल्याशिवाय दागिना विकताच येत नाही, पुष्कळ बायका दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर तो नंबर टाकून बघतात, मी स्वतः बघितलंय. तेच ॲप, बीआयएस केअर, त्यातच लायसन नंबर आणि आर नंबर तपासायची सोय आहे, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. सोन्यात खोट निघाली तर पैसे जातात. चार्जरमध्ये खोट निघाली तर काय जातं ते लिहायला नको. मग दोन मिनिटं इथे का नाही? कारण कोणी सांगितलेलंच नाही. मीसुद्धा, २२ वर्षं टेस्टिंगमध्ये काढलेली बाई, त्या दिवसापर्यंत पार्किंगमधला एकही चार्जर उलटा करून बघितला नव्हता, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

नियम नाहीत असं नाही. २०२२ मध्ये देशभर स्कूटर पेटल्या, एप्रिलमध्ये आपल्याच नाशकात एका कंटेनरमधल्या ४० पैकी २० स्कूटर जळाल्या, त्या तर चार्जिंगलाही नव्हत्या, आणि सप्टेंबरमध्ये वसईला घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटून सात वर्षांचं लेकरू गेलं. त्यानंतर एआयएस १५६ या इलेक्ट्रिक दुचाक्यांच्या बॅटरी-सुरक्षेच्या नियमावलीत सुधारणा आल्या, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्यात बॅटरीबरोबर चार्जरचाही विचार आहे, ठरलेल्या व्होल्टेजला तोडलं पाहिजे, सुरुवात हळू झाली पाहिजे, अर्थ लीकेज, म्हणजे करंट बाहेर गळतोय हे, ओळखता आलं पाहिजे, हे सगळं आहे. भिंतीवरच्या चार्जिंग पॉइंटसाठी आयएस १७०१७ ही मानकांची मालिका आहे. म्हणजे जी गाडी शोरूममधून बाहेर पडते तिचं मॉडेल चार्जरसकट तपासलेलं असतं, पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत. पण साखळी तुटते ती दोन वर्षांनी, चार्जर जळतो आणि माणूस बाजारात जातो तेव्हा. गाडी तपासलेली, बॅटरी तपासलेली, आणि मधला डबा कुठला तर १,४०० रुपयांचा. शिवाय ज्या कमी वेगाच्या गाड्या आहेत, २५ किलोमीटरच्या आतल्या, ज्यांना नंबर प्लेट आणि लायसन लागत नाही, त्या शाळेत जाणारी पोरं आणि म्हातारी माणसं चालवतात, त्यांच्या चार्जरकडे तर कोणाचंच लक्ष नाही.

आमच्या सोसायटीचाही दोष आहे तो मी लपवणार नाही. पार्किंगमधले सॉकेट बिल्डरने झाडू-पोछा, पाण्याची छोटी मोटर यासाठी दिलेले, ५ अँपिअरचे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्यांच्या मागे एमसीबी आहे पण आरसीसीबी नव्हता. एमसीबी हा वायर तापू नये म्हणून असतो, १६ अँपिअरचा एमसीबी माणूस मेला तरी पडणार नाही कारण माणसाला मारायला त्याचा पाचशेवा हिस्साही पुरतो. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट मोजतो आणि ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की क्षणात तोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत चार्जिंगच्या पॉइंटला ३० मिलीअँपिअर किंवा त्याहून कमी फरकाला तोडणारं संरक्षण लागतं, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर पाहिजे, गाडी पॉइंटपासून ५ मीटरच्या आत लागली पाहिजे आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर वापरायचाच नाही. आमच्याकडे यातलं एकही पाळलेलं नव्हतं, आणि मला खात्री आहे की सिडको, पाथर्डी फाटा, जेलरोड, म्हसरूळ, कुठेही जुन्या सोसायटीत उतरून बघा, हेच चित्र दिसेल.

त्या घटनेनंतर आमच्या मीटिंगमध्ये पहिला प्रस्ताव काय आला तर पार्किंगमध्ये चार्जिंग बंद करा, नोटीस लावा. सात-आठ जणांनी हात वर केले. मी विरोध केला आणि अजूनही करते. पार्किंगमध्ये बंद केलं की तो मुलगा गाडी विकणार नाहीये, त्याचं पोट आहे त्यावर, तो बॅटरी काढून दुसऱ्या मजल्यावर नेणार, हॉलमध्ये, सोफ्याशेजारी, एक्स्टेन्शन बोर्डावर लावणार आणि झोपणार. वसईला बॅटरी घरातच होती हो. पार्किंगमध्ये निदान भिंत सिमेंटची आहे, शेजारी अंथरूण-पांघरूण नाही. ज्या ज्या सोसायट्यांनी अशा नोटिसा लावल्यात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की काढा त्या.

शेवटी आम्ही ९ सॉकेट बदलले, उंचीवर घेतले, १६ अँपिअरचे केले, मीटरपासून वेगळी वायर ओढली, प्रत्येकाला आरसीसीबी दिला, अर्थिंगचा खड्डा नवीन केला. लायसनधारक वायरमनकडून केलं, फ्लॅटमागे अडीच हजाराच्या आसपास आले, ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी नाही त्यांनीही दिले, दोन घरांनी नाही दिले ते सोडा. आणि एक नियम केला, चार्जरच्या मागच्या लेबलचा फोटो सेक्रेटरीला पाठवायचा, मी ॲपवर तपासते आणि पॅकवरचं फुल्ल चार्ज व्होल्टेज चार्जरच्या आउटपुटशी जुळवून बघते. ९ पैकी दोन चार्जर अजून असेच निघाले. दोन! एकाच्या आत तर फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा होता.

आता माझं मागणं काय ते सरळ लिहिते. चार्जर सुटा विकायचा असेल तर बिल द्यायचंच आणि बिलावर दोन गोष्टी लिहायच्या, लायसन किंवा रजिस्ट्रेशनचा नंबर, आणि आउटपुटचं नेमकं व्होल्टेज, ६० व्होल्ट असं मोघम नाही, ६७.२ की ७३ ते. दुकानदाराने हे लिहायचं म्हटलं की तो होलसेलवाल्याला विचारेल, होलसेलवाला पुढे विचारेल, आणि ज्याच्याकडे नंबर नाही त्याचा माल आपोआप मागे पडेल. मला दुकानदारांशी भांडायचं नाहीये. मी त्या दुकानात गेले होते चार्जर घेऊन, त्यांनी ऐकून घेतलं, दिल्लीहून माल येतो म्हणाले, आम्हाला आतलं काय कळतं म्हणाले, आणि मला ते खोटं वाटलं नाही. त्यांना कोणी शिकवलेलं नाही. खोटा मार्क छापणाऱ्याला शिक्षेची तरतूद २०१६ च्या बीआयएस कायद्यात आहे, पण त्यासाठी कोणीतरी बाजारात उतरून बॉक्स हातात घ्यायला पाहिजे. वजनमापवाले काटे तपासायला येतात, अन्न-औषधवाले मावा तपासायला येतात, दिवाळीच्या आधी तर दरवर्षी पेपरमध्ये फोटो येतात. चार्जर तपासायला आलेला अधिकारी मी तरी नाशकात बघितलेला नाही.

गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनाही सांगायचंय. तुमचा चार्जर साडेसहा हजारांना आणि तोही तीन आठवड्यांनी मिळत असेल तर बाजारातला १,४०० चा तुम्हीच विकताय असं समजा. प्रत्येक शोरूममध्ये चार स्पेअर चार्जर शेल्फवर ठेवायला काय लागतं? दुरुस्तीला आलेल्या गाडीला तेवढ्या दिवसांपुरता चार्जर वापरायला द्या, डिपॉझिट घ्या हवं तर. आणि पॅकवर फुल्ल चार्ज व्होल्टेज ठळक मराठीत लिहा, सीट उचलली की दिसेल असं, आत्ता ते असतं पण बॅटरीच्या खालच्या बाजूला, सहा भाषांच्या गर्दीत.

आपल्या अंबड-सातपूरला इलेक्ट्रिकलचं काम करणारे एवढे कारखाने आहेत, मेगर आणि एचव्ही किट नाही असा एक कारखाना दाखवा. शिलापूरला सीपीआरआय या केंद्र सरकारच्या वीज संशोधन संस्थेची लॅब आलीये, मोठ्या मोठ्या वस्तूंसाठी आहे ती, पण नाशिकला टेस्टिंगचं वातावरण आहे हे नक्की. महिन्यातून एक रविवार, पॉलिटेक्निक किंवा आयटीआयच्या आवारात, लोकांनी आपापला चार्जर घेऊन यावं आणि इलेक्ट्रिकलच्या पोरांनी अर्थ कंटिन्युटी, इन्सुलेशन आणि आउटपुट एवढं तीन मिनिटांत बघून द्यावं, हे सर्टिफिकेट नव्हे, पण दोन वायरींचा चार्जर तिथल्या तिथे सापडेल. मी स्वतः यायला तयार आहे, माझ्याबरोबर काम केलेले आणखी तिघं-चौघं रिटायर झालेत, त्यांना विचारलंय, ते येतो म्हणालेत. आणि सिंहस्थ तोंडावर आहे, तपोवनात आणि बाहेरच्या पार्किंगला तात्पुरती वायरिंग होणार, ई-रिक्षा तिथेच चार्जिंगला लागणार, पावसाळ्याचे दिवस असणार, लोक अनवाणी असणार. विद्युत निरीक्षकांनी आणि महापालिकेने त्या प्रत्येक पॉइंटला आरसीसीबी आहे का हे आत्तापासून टेंडरमध्ये लिहून घ्यावं, ऐन वेळी नाही.

काका आता बरे आहेत, पण चार्जिंगला लावलेल्या गाडीच्या जवळून जात नाहीत, लांबून वळसा घालतात. त्यांना मी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून दाखवलं, कसा पडतो ते दाखवलं, मान हलवली पण वळसा अजून घालतात. त्या मुलाला आम्ही सोसायटीतून थोडे आणि त्याने थोडे असे घालून ओरिजिनल चार्जर घेऊन दिला, तीन नाही, पाच आठवडे लागले.

तो जुना चार्जर मी फेकलेला नाही. कापलेल्या केबलसकट, बॉक्ससकट, त्या बल्बच्या नंबरसकट पिशवीत घालून कपाटात ठेवलाय. तक्रार ॲपवर केलीये. कोणत्याही कार्यालयातल्या साहेबांना तो बघायचा असेल तर आपल्या वृत्तपत्राकडे माझा पत्ता आहे, कळवलं तर मी स्वतः घेऊन येईन.

आपली एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक